सर्व्हिसच्या गाड्यांचं पेट्रोल कुठे जिरतं? नाशिकच्या फिरत्या कामाचा हिशेब आणि उपाय

एसी, आरओ, लिफ्ट, सीसीटीव्ही, सोलर, पंप, यूपीएस यांपैकी काहीही असो, ग्राहकाच्या दारात जाऊन दुरुस्ती करणाऱ्या धंद्यात पगाराच्या खालोखाल डोळ्यांत भरणारा खर्च पेट्रोलचा असतो. पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे त्यावर इनपुट क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. पंपावर दिलेला प्रत्येक रुपया पूर्णच्या पूर्ण खिशातून जातो.

खर्च कमी करायचा म्हटलं की मालकाचा पहिला राग टेक्निशियनच्या अ‍ॅक्सिलरेटरवर निघतो. "गाडी हळू चालवा" अशी सूचना ग्रुपवर पडते, आठवडाभर सगळे ती पाळतात आणि महिनाअखेरीचं बिल जवळपास तेवढंच येतं. गाडी चालवण्यातून वाचतं ते थोडंच. मोठी गळती ऑफिसात होते: कंप्लेंट लिहून घेताना, उद्याचे कॉल वाटताना आणि टेक्निशियनचं स्पेअर पार्टचं किट भरताना. खालच्या पायऱ्यांचा क्रमही म्हणूनच तसा लावला आहे. टायरची हवा त्यात बरीच उशिरा येते.

पायरी 1: चार आठवडे फक्त मोजा

मोजणी टाकी-ते-टाकी करा. शक्यतो ठरलेल्या एकाच पंपावर जायचं, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबायचं, गळ्यापर्यंत भरायचं नाही. त्याच क्षणी मीटरचा आणि बिलाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. पुढच्या वेळी पुन्हा तशीच टाकी भरली की मधले किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर, हे खरं अ‍ॅव्हरेज. "दोनशेचं टाक" पद्धतीने भरलेल्या पेट्रोलवरून अ‍ॅव्हरेज निघत नाही, आणि बहुतेक बाइकमध्ये तसंच भरलं जातं. मीटरची केबल तुटलेली असेल तर आधी ती बदला, नाहीतर पुढचं सगळं अंदाजपंचे होईल.

कंपनीच्या माहितीपत्रकातल्या आकड्याशी तुलना करू नका. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा दर लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. अ‍ॅव्हरेज थोडं उतरलेलं दिसणारच. त्याच गाडीचा मागचा महिना हीच खरी तुलना.

आकडे कसे वाचायचे ते एका काल्पनिक टीमवर पाहू. चार बाइक, रोज 70 किलोमीटर, लिटरला 50. दोन ईको व्हॅन, रोज 90 किलोमीटर, लिटरला 15. महिन्याचे 26 दिवस, पेट्रोल 105 रुपये धरलं. चार बाइक मिळून 146 लिटर पितात, दोन व्हॅन मिळून 312. एकूण 458 लिटर, म्हणजे 48,000 रुपये. संख्येने निम्म्या असलेल्या व्हॅन दुप्पट पेट्रोल खातात. बाइकला किलोमीटरमागे 2 रुपये 10 पैसे लागतात, व्हॅनला 7 रुपये. त्यामुळे बाइकवाल्यांशी भांडण्याआधी व्हॅनचे कॉल तपासा. शिडी, गॅसचा सिलिंडर, मोटर किंवा दोन माणसं लागत नसतील तर त्या कॉलला व्हॅन जाता कामा नये. हा एक नियम कडक पाळला तरी फरक दिसतो.

आता याच टीमचे महिन्याला 832 कॉल धरा. दर भेटीला 58 रुपये पडले. पण त्यातल्या 125 भेटी रिपीट असतील, म्हणजे काम अर्धं राहिलं म्हणून पुन्हा गेलेल्या, तर पूर्ण झालेली कामं 707 आणि दर कामाला 68 रुपये. लक्ष ठेवायचं ते या शेवटच्या आकड्यावर: पूर्ण झालेल्या कामामागे किती पेट्रोल. गाडीचं अ‍ॅव्हरेज उत्तम आणि तरीही हा आकडा वाईट, असं सर्रास आढळतं.

पायरी 2: किलोमीटरला अक्षर द्या

पाचव्या आठवड्यात प्रत्येक फेरीपुढे टेक्निशियनने एकच अक्षर लिहायचं. "क" म्हणजे काम ते काम, "घ" घर किंवा ऑफिस ते पहिलं काम आणि परत, "स" स्पेअर आणायला, "र" रिपीट कॉल, "फ" फुकट फेरी (घराला कुलूप, पत्ता चुकीचा, वॉरंटी दुसऱ्याच कंपनीची). आठवड्याचे किलोमीटर अक्षरवार जोडा. "स", "र" आणि "फ" मिळून जे येईल ते जवळजवळ सगळं वाचवण्याजोगं असतं.

इथे एक गोष्ट बिघडते. शिक्षेची भीती असेल तर सगळीकडे "क" लिहिलेलं दिसेल. पहिला महिना कुणालाही काही बोलायचं नाही, हे आधी जाहीर करा आणि पाळा.

पायरी 3: फोनवरच फेरी वाचवा

कंप्लेंट घेणाऱ्या व्यक्तीसमोर छापील कागद हवा. त्यावर मॉडेलच्या स्टिकरचा फोटो, बिघाडाचा छोटा व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन, पिन कोड, घरी नक्की कोण आणि किती वाजता, आणि शेवटची सर्व्हिस कधी झाली, एवढं भरल्याशिवाय कॉल वाटायचा नाही. आरओतून पाणी येत नाही म्हटल्यावर "नळाला पाणी आहे का, प्लग चालू आहे का, टाकीचा कॉक उघडा आहे का" हे तीन प्रश्न विचारले की काही कॉल तिथल्या तिथे मिटतात. एसीत रिमोटचे सेल आणि एमसीबी (ट्रिप होणारा स्विच). चार्ज बुडेल म्हणून हे प्रश्न टाळणारी मंडळी आहेत. विनाकारण चार्ज भरलेला ग्राहक पुन्हा फोन करत नाही, हे त्यांच्या हिशेबात नसतं.

लोकेशनचा आग्रह नाशिकमध्ये विशेष धरावा लागतो, कारण नावं फसवतात. कारखान्याचा माणूस "मालेगाव एमआयडीसी" म्हणतो ती सिन्नरची, शहरापासून तीसेक किलोमीटरवर. मालेगाव शहर शंभराच्या पुढे आहे. पिंपळगाव बहुला त्र्यंबक रोडला सातपूरच्या पुढे, पिंपळगाव खांब पाथर्डीच्या बाजूला आणि पिंपळगाव बसवंत पार आग्रा रोडला. घाईत "देवळाली" आणि "देवळा" यांची गल्लत झाली तर एक कॅम्पजवळ आणि दुसरं थेट कसमादे (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा) पट्ट्यात. पिन कोडचे पहिले तीन आकडे यातल्या काही चुका लगेच पकडतात: सिन्नर आणि देवळाली 422, मालेगाव आणि देवळा 423. पिंपळगावांना मात्र लोकेशनच हवं.

निघण्याआधी अर्धा तास टेक्निशियनने स्वतः फोन करायचा. उचलला नाही तर तो कॉल यादीत खाली, पुढचा वर.

पायरी 4: शहराचे पट्टे, तालुक्याचे वार

नकाशावर गोल काढून विभाग पाडू नका. नाशिकला तीन रेषा आधीच आखलेल्या आहेत: गोदावरी, मुंबई-आग्रा महामार्ग आणि रेल्वेलाइन. हवाई अंतर दोन किलोमीटर असलं तरी मध्ये यांपैकी एक आली की वळसा आणि सिग्नल आलेच. म्हणून पंचवटी-म्हसरूळ-आडगाव नाका हा एक पट्टा. सातपूर-गंगापूर रोड-कॉलेज रोड दुसरा. सिडको-अंबड-पाथर्डी फाटा तिसरा. नाशिक रोड-जेल रोड-देवळाली कॅम्प चौथा. इंदिरानगर तिसऱ्यात घ्यायचं की नाही हे बोगद्याखालची गर्दी पाहून ठरवा. द्वारका चौक दिवसातून एकदाच ओलांडायचा, असा दंडक ठेवा. पुणे रोड आणि आग्रा रोड तिथे भेटतात आणि संध्याकाळी तिथला वेळ कुठल्याच गणितात बसत नाही.

टेक्निशियन राहतो त्याच पट्ट्यात त्याला द्या. जेल रोडच्या माणसाने सकाळी सातपूरला हजेरी लावायची आणि मग नाशिक रोडचे कॉल करायचे, ही पद्धत अजून अनेक ठिकाणी चालते. यादी आदल्या संध्याकाळी सातपर्यंत मोबाइलवर द्या, पहिला कॉल थेट घरून, ऑफिसात येणं आठवड्यातून दोनदा: किट भरायला आणि जुने पार्ट जमा करायला. "घ" अक्षराचे किलोमीटर यानेच उतरतात.

तालुक्यांना वार लावा. दिंडोरी-वणी एक दिवस, ओझर-पिंपळगाव-निफाड एक दिवस, सिन्नर एक दिवस, त्र्यंबक आणि घोटी-इगतपुरी मिळून एक दिवस. त्र्यंबकसाठी सोमवार नको आणि श्रावणात तर मुळीच नको; तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरी प्रदक्षिणेच्या गर्दीमुळे वाहनं अलीकडेच अडवली जातात. चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगीच्या यात्रेमुळे वणीचा रस्ता तसाच. टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव आणि गिरणाऱ्याला बाजार समितीच्या बाहेर पिकअपच्या रांगा लागतात, लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरच्या. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात आज उघडा असलेला रस्ता उद्या खोदलेला असू शकतो, तेव्हा सकाळी ग्रुपवर "कुठे बंद" एवढं विचारणं फायद्याचं.

हिशेब असा. सिन्नरची जाऊन-येऊन फेरी 60 किलोमीटर, व्हॅनला 4 लिटर. आठवड्यातून तीनदा सुटे कॉल करायला गेलात तर 12 लिटर, एका ठरलेल्या वारी गेलात तर 4. महिन्याला 35 लिटर, म्हणजे साडेतीन हजारांहून जास्त, आणि टेक्निशियनचे जवळजवळ नऊ अर्धे दिवस मोकळे. गावाकडचा ग्राहक थांबायला तयार असतो, अट एकच: वार नक्की सांगा. "बघतो, माणूस पाठवतो" म्हटलं की तोच ग्राहक दिवसातून चारदा फोन करतो.

तातडीची व्याख्या मात्र कागदावर लिहून भिंतीला लावा. लिफ्टमध्ये माणूस अडकला, दवाखान्याचा यूपीएस बंद, कोल्ड स्टोरेज किंवा दुधाचा चिलर बंद. यांना वार नाही, लगेच निघायचं. बाकी कुणाला आजच हवं असेल तर जादा व्हिजिट चार्ज आधी सांगा. चार्ज ऐकल्यावर बरीचशी तातडी ओसरते.

एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) भेटी हा पट्टे भरायचा माल आहे. त्यांना ठरावीक तारीख न देता पंधरा दिवसांची खिडकी द्या आणि त्या पट्ट्यात ब्रेकडाउन आला की शेजारच्या दोन एएमसी त्याला जोडा. यासाठी एएमसीची यादी पट्ट्यानुसार लावलेली हवी. बहुतेक ठिकाणी ती महिन्यानुसार असते, आणि घोडं तिथेच अडतं.

क्रम लावताना सगळ्यात लांबचा कॉल आधी, मग घराकडे सरकत यायचं. अंबड-सातपूरचे कॉल शिफ्ट सुटण्याच्या वेळी ठेवू नका. गूगल मॅप्समध्ये एका फेरीत बरेच थांबे टाकता येतात, पण ते आपोआप जवळच्या क्रमाने लागत नाहीत. तुम्ही ज्या क्रमाने टाकले त्याच क्रमाने गाडी फिरते, तेव्हा क्रम माणसानेच लावायचा.

पायरी 5: किट

सगळ्यात जास्त पेट्रोल वाचतं ते इथे, आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच असतं. सातपूरहून साठ रुपयांच्या कपॅसिटरसाठी रविवार कारंजाला जाऊन यायचं म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटर. व्हॅनला लिटरभर पेट्रोल, वर एक तास. पार्टच्या किमतीपेक्षा फेरी महाग.

मागच्या तीन महिन्यांची जॉब कार्डं घ्या आणि कोणता पार्ट किती वेळा लागला ते मोजा. पंधरा-वीस पार्टच बहुतेक दुरुस्त्या उरकतात असं दिसेल. आरओसाठी साधारण हे: सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर, 75 किंवा 80 जीपीडी (दिवसाला गॅलन) मेम्ब्रेन, 24 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, 24 व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, बूस्टर पंप, फ्लो रिस्ट्रिक्टर, फ्लोट, पाव इंची पाइप आणि त्याचे एल्बो-कनेक्टर, टेफ्लॉन टेप. साध्या एसीसाठी कॉम्प्रेसरचे 35, 45 आणि 50 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, फॅनचे छोटे कपॅसिटर, रूम आणि कॉइल सेन्सर, फ्लेअर नट, ड्रेन पाइप. पाण्याच्या मोटरसाठी कपॅसिटर, मेकॅनिकल सील, 6203 आणि 6204 बेअरिंग.

प्रत्येक पार्टचा साठा आठवड्याच्या सरासरी वापराच्या दीडपट ठेवा. आठवड्याला चार अ‍ॅडॉप्टर लागत असतील तर किटमध्ये सहा. तीनवर आले की भरणं आलं. महाग पीसीबी (सर्किट बोर्ड) किटमध्ये नको. ते फोनवर मॉडेल नंबर घेतल्यावर त्या कॉलपुरतं द्यायचं. किट भरण्याच्या दिवशी यादीवर सही घ्या, कारण पार्ट हरवण्याची भीती हेच किट न देण्याचं खरं कारण असतं आणि सहीने ती भीती बरीचशी संपते.

उलट टोकही गाठू नका. सहा महिन्यांत एकदा लागणारी अवजड अवजारं व्हॅनमध्ये कायमची पडलेली दिसतात. दर पन्नास किलोला अंदाजे एक टक्का इंधन जातं. टपावर कायम बांधलेली अ‍ॅल्युमिनियमची शिडी हायवेवर वाऱ्याचा रोध वाढवते तो वेगळाच.

किटमध्ये नसलेल्या पार्टसाठी टेक्निशियनने बाजारात जायचं नाही. एक बाइक सकाळी अकरा आणि दुपारी चारला बाजारातून फिरते आणि ठरलेल्या नाक्यावर पार्ट देते. टीम सहाच्या वर असेल तर हे परवडतं. त्याहून लहान टीमने दुकानदाराला पार्ट रिक्षाने पाठवायला सांगावं. रिक्षाचं भाडं खुपतं, पण टेक्निशियनचा तास धरला की स्वस्त पडतं.

पायरी 6: गाडी

आता हवा. दर सोमवारी सकाळी, टायर थंड असताना, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे. दर 1 पीएसआय कमी हवेला इंधन सुमारे 0.2 टक्के वाढतं. 8 पीएसआय उतरलेल्या टायरवर दीड टक्का गेला. बाइकच्या मागच्या टायरला एकट्यासाठी आणि वजनासाठी वेगळे आकडे दिलेले असतात. अवजारांची बॅग वीस-पंचवीस किलोची असेल तर वजनाचा आकडा धरा.

त्यानंतर ब्रेक. पाच किलोमीटर कमी ब्रेक लावत चालवा आणि चाकाच्या मध्याजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर ब्रेक चिकटतोय. अ‍ॅव्हरेज अचानक पडलं की पहिला संशय इथेच घ्यावा. बाइकमध्ये साखळीची ढील बहुतेक मॉडेलना 20 ते 30 मिलिमीटर, क्लच लिव्हरच्या टोकाला 10 ते 15 मिलिमीटर मोकळी हालचाल. ती नसेल तर क्लच घसरतो आणि इंजिन नुसतं ओरडतं. एअर फिल्टरला मॅन्युअलमधले किलोमीटर पुरत नाहीत: दिंडोरी-निफाडच्या कच्च्या शिवाररस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा दुप्पट वेळा तपासा. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच. जाड ऑइल टाकून इंजिन "टिकतं" हा गैरसमज आहे. अ‍ॅव्हरेज वाढवणाऱ्या बाटल्या आणि चुंबकं घेऊ नका.

पायरी 7: चालवणं

हायवेवर 80 ऐवजी 100 ने गेलं की हवेचा रोध 56 टक्क्यांनी वाढतो. नाशिक-सिन्नर अंतरात वाचतात जेमतेम पाच मिनिटं. उतारावर न्यूट्रल करू नका: इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंधन बंद होतं, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच, आणि कसारा घाटात ते जिवावर बेतू शकतं. उभ्या व्हॅनचं इंजिन तासाला अर्धा ते पाऊण लिटर खातं, एसी लावला तर त्याहून जास्त. ग्राहकाच्या दारात फोनवर बोलताना चावी बंद.

टोल चुकवायला गावातून वळसा घालण्याची सवय असते. आठ किलोमीटरचा वळसा म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त, पंचावन्न रुपये, शिवाय गतिरोधक. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलवर 24 तासांत परत आलात तर जाऊन-येऊन दीडपटच लागतं, हेही त्या हिशेबात धरा.

पायरी 8: इंधन बदलायचं का

वरचे बदल करून मग. आधी केलात तर फुकटच्या फेऱ्या स्वस्तात होतील एवढंच.

व्हॅन सीएनजीवर: किलोला 20 किलोमीटर आणि दर 92 रुपये धरला तर किलोमीटरला 4 रुपये 60 पैसे. महिन्याच्या 2,340 किलोमीटरवर 5,600 रुपये वाचतात. सीएनजी किटला 60,000 गेले असतील तर अकरा महिन्यांत वसूल. पण रांगेत रोज अर्धा तास गेला तर महिन्याचे तेरा तास गेले. गॅस रात्री किंवा पहाटे भरायचा नियम हवा. सिलिंडर मागची जागा खातो आणि दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करावी लागते, हे आधीच धरा.

इलेक्ट्रिक स्कूटर शहराच्या पट्ट्यांसाठी उत्तम. शंभर किलोमीटरला चार युनिट आणि युनिट दहा रुपयांनी धरलं तर 40 रुपये, बाइकला 210. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या चढावर वजनासह तिला पाठवू नका. टेक्निशियनच्या घरी चार्जिंग होत असेल तर त्याचं घरचं बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं, म्हणून भत्ता वरच्या दराने द्या.

पायरी 9: पैसे कसे द्यायचे

स्वतःची बाइक वापरणाऱ्याला किलोमीटरमागे फक्त पेट्रोलचे दोन रुपये दिले तर टायर, ऑइल, साखळी त्याच्या खिशातून जाते आणि ती भरपाई तो किलोमीटर फुगवून करतो. तीन ते साडेतीन रुपये हा रास्त दर. त्याहून बरं म्हणजे किलोमीटर सोडून पट्ट्यानुसार कॉलमागे ठरीव रक्कम. ती नकाशावरच्या अंतरावर दहा-पंधरा टक्के चढवून काढा. फेरी वाचवली तर फायदा त्याचाच, त्यामुळे क्रम तो आपणहून नीट लावतो.

कंपनीच्या गाडीत वाचलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा टीमला द्या, पण मोजताना पूर्ण कामामागचं पेट्रोल धरा. आणि 30 दिवसांत त्याच बिघाडासाठी पुन्हा जावं लागलं तर ते काम अपूर्ण मोजा. ही अट नसेल तर जॉब कार्डावर घाईघाईत "ओके" पडतं आणि ग्राहकाचा फोन पुढच्या महिन्यात येतो, पेट्रोल मात्र या महिन्यात वाचलेलं दिसतं.